नव्या बॅटरीचा पहिला चार्ज

यूपीएसची नवी बॅटरी घेतली की दुकानदार पिशवीत घालता घालता सांगतो, ‘आज रात्रभर लावून ठेवा, कॉम्प्युटर उद्या चालू करा.’ गिऱ्हाईक मान डोलावतं आणि घरी पोचल्यावर तासाभरात कॉम्प्युटर सुरू करतं. मोबाइल तर दुकानातून निघतानाच चालू असतो, मग दोन-अडीच किलोच्या या काळ्या डब्यासाठी रात्र कशाला घालवायची, असं त्याला वाटतं. त्या रात्रीमागे मोठा इतिहास आहे. त्यातला बराचसा मी लहानपणी डोळ्यांनी पाहिला आहे.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, श्रीरामपुरात बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. श्रीरामपूर हा साखरेचा मुलूख. जवळच हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना, पलीकडे प्रवरानगरला सहकारातला पहिला. गळिताचा हंगाम लागला की उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर. थंडीत पहाटे बॅटरी बसली की चार माणसं गाडीला धक्का मारत आमच्या दारापर्यंत आणायची. ट्रकवाले, जीपवाले, बुलेटची सहा व्होल्टची बॅटरी पिशवीतून आणणारे डॉक्टर, लग्नसराईत लाऊडस्पीकरवाले, निवडणुकीत प्रचाराच्या गाड्या, जत्रांच्या दिवसांत तमाशाचे फड. या सगळ्यांची कामं वेगळी होती, पण दुकानात आल्यावर प्रत्येक जण एकच विचारायचा, ‘कधी मिळेल?’

जुनी, उतरलेली बॅटरी चार्ज करणं त्या मानाने सोपं. खरा वेळ खायची ती नवी बॅटरी. ती त्या काळी कोरडी यायची. कडक काळ्या रबराचं जड खोकं, आत शिशाच्या प्लेटा, प्लेटांच्या मध्ये सेपरेटर, प्रत्येक सेलच्या झाकणाभोवती डांबर ओतून बंद केलेल्या फटी, आणि एका सेलकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या शिशाच्या जाड पट्ट्या वर उघड्याच. ॲसिड दुकानदाराने भरायचं. कडक ॲसिड पेंढ्यात बसवलेल्या मोठ्या काचेच्या बरणीतून यायचं. अण्णा चिनी मातीच्या भांड्यात आधी डिस्टिल वॉटर घेत आणि त्यात बारीक धारेनं ॲसिड सोडत. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही, हा आमच्या घरातला पहिला पाठ. उलटं केलं तर वरचं पाणी क्षणात उकळून ॲसिडसकट तोंडावर उडतं. मिश्रण गरम व्हायचं, ते थंड होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. थंड झालं की हायड्रोमीटर बुडवून ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची सापेक्ष घनता, पाहायची. थंड देशांत बाराशे ऐंशीच्या आसपासचं ॲसिड चालतं. आपल्याकडच्या उष्णतेत तेवढं तिखट ॲसिड प्लेटा आणि सेपरेटर लवकर खातं, म्हणून आमच्याकडे बाराशे चाळीस-पन्नास. आकडा खरं तर १.२४० असतो, पण दुकानात दशांशचिन्ह कोणी उच्चारत नाही.

ॲसिड भरलं की लगेच चार्जिंगला लावायचं नाही. अर्धा दिवस प्लेटा भिजू द्यायच्या. त्या ॲसिड पितात, तापतात, पातळी खाली जाते, ती पुन्हा भरायची. मग बॅटरी लाकडी मांडणीवर ‘लाईनीत’ लावायची, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडून अख्खी रांग एका चार्जरवर. रांगेतल्या सगळ्या बॅटऱ्यांतून करंट सारखाच जातो, म्हणून मोटरसायकलची छोटी बॅटरी ट्रकच्या बॅटरीशेजारी लावता येत नाही. हे शिकाऊ पोरांना दहादा सांगावं लागे. चार्जर सेलेनियम रेक्टिफायरचा होता. त्याची एखादी प्लेट जळाली की सडलेल्या मुळ्यासारखी दुर्गंधी गल्लीभर पसरायची आणि शेजारचे टेलर दुकान बंद करून चहाला निघून जायचे.

कंपनीच्या कार्डावर पहिल्या चार्जचा करंट छापलेला असे. तो जाणूनबुजून कमी ठेवलेला. दोन दिवस, कधी त्याहून जास्त, तो अखंड चालू ठेवायचा. बॅटरी ‘उकळायला’ लागली, म्हणजे प्लेटांवरून बुडबुडे सुटायला लागले, की काम संपत आलं असं नवखा समजतो. खरं काम तिथून पुढे लक्ष ठेवण्याचं. दर तासाला प्रत्येक सेलचं व्होल्टेज, ग्रॅव्हिटी आणि तापमान वहीत लिहायचं. सलग तीन नोंदी सारख्या आल्या, आकडा वर सरकेनासा झाला, तेव्हा चार्ज पूर्ण. ही वही माझ्याकडे होती. आठवी-नववीत असेन. अण्णा हायड्रोमीटर उजेडात धरून आकडा बोलत, मी लिहीत असे. थर्मामीटर पंचेचाळीसवर गेला की करंट कमी करायचा, म्हणून मे महिन्यात नव्या बॅटऱ्या रात्री लावायच्या. दुकानाची दोन्ही दारं उघडी, कारण त्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो. विडी ओढणाऱ्याला अण्णा रस्त्याच्या पलीकडे पाठवत. गिऱ्हाइकाशी एरवी मऊ बोलणारा हा माणूस त्या एका बाबतीत आवाज चढवायचा.

दोन दिवस कशासाठी लागतात, हे अण्णांनी मला प्लेटा दाखवून शिकवलं. भरलेल्या बॅटरीत प्लस प्लेटेवर शिशाचा डायऑक्साइड असतो, चॉकलेटी रंगाचा. मायनसवर नुसतं शिसं, पण छिद्राछिद्रांचं, राखाडी. कोऱ्या प्लेटेत यातलं काहीच पुरतं तयार नसतं. साच्यात भरलेला शिशाचा लगदा वाळवलेला असतो. करंट त्याचं रूपांतर करतो, आणि हे रूपांतर कणाकणाने होतं. अर्ध्यात थांबवलं तर उरलेला लगदा तसाच राहतो. पुढे त्यावर गंधकाचं मीठ, सल्फेट, घट्ट बसतं आणि तो भाग कायमचा निकामी होतो. पहिल्या चार्जमध्ये चोरी केली की बॅटरी आयुष्यभर तेवढी उणी राहते. ड्रायव्हर भांडायचे, ‘गाडी उभी आहे, भाडं जातंय.’ अण्णा त्यांना तोवर भाड्याची बॅटरी देत, पण नवी लवकर सोडत नसत. त्यांच्या दुकानाचं नाव तालुक्यात टिकलं ते याच हट्टामुळे, असं माझं ठाम मत आहे.

हे रूपांतर पहिल्यांदा करून दाखवलं गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने, १८५९ मध्ये. वय पंचविशीचं. त्याने शिशाचे दोन पत्रे घेतले, मध्ये कापड ठेवलं, दोन्हींची गुंडाळी केली आणि पातळ गंधकाम्लात बुडवली. त्याआधीचे सेल आतलं रसायन संपलं की संपायचे. प्लांतेची गुंडाळी उलटा करंट दिला की पुन्हा भरायची. पुढच्याच वर्षी त्याने असे नऊ सेल जोडून फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवले. पण साध्या पत्र्याचा फक्त वरचा थर कामाचा होता. तो थर जाड करायचा तर चार्ज करा, उतरवा, तारा उलट्या जोडून पुन्हा चार्ज करा, मध्ये विश्रांती द्या, पुन्हा पहिल्यापासून. हे कित्येक महिने चालायचं. शिवाय डायनॅमो अजून हाताशी आला नव्हता. भरता येणारी बॅटरी भरायला प्लांतेला न भरता येणारे सेल खर्ची घालावे लागत! ग्राम या संशोधकाचा डायनॅमो १८७१ मधला. त्यानंतर कुठे ही गोष्ट प्रयोगशाळेबाहेर पडू शकली.

१८८१ मध्ये कामीय फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने शिशाच्या ऑक्साइडचा लगदा पत्र्यावर थापला आणि महिन्यांचं काम दिवसांवर आणलं. लगदा गळू नये म्हणून लवकरच पत्र्याच्या जागी जाळी आली. आजची प्लेट म्हणजे मूळची हीच जाळी आणि हाच लगदा. म्हणजे अण्णांच्या मांडणीवरचे दोन दिवस आणि प्लांतेचे महिने हे एकाच कामाचे. काम तेच राहिलं, लागणारा वेळ कमी होत आला आणि करणारे हात बदलले. या धंद्याचा इतिहास मला असा दिसतो.

आपल्याकडे हे हात आधी बंगालात तयार झाले. असोसिएटेड बॅटरी मेकर्स या कंपनीचा कारखाना चाळीसच्या दशकात कोलकात्याजवळ श्यामनगरला उभा राहिला. आज ती एक्साइड नावाने ओळखली जाते. तिचा दुसरा कारखाना १९६९ मध्ये चिंचवडला निघाला आणि हा उद्योग आमच्या जवळ आला. पण कारखाना कुठेही असो, गावोगाव बॅटरी जिवंत ठेवायचा तो चार्जिंगवालाच. पुणे आकाशवाणीने १९५६ मध्ये युनेस्कोच्या साह्याने शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांचा प्रयोग केला, त्यात नगर जिल्ह्यातली गावंही होती. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि त्यावर चर्चा करायची. त्या काळी बहुसंख्य खेड्यांत वीज नव्हती. तिथे रेडिओ बोलायचा तो बॅटरीच्या जिवावर.

टीव्हीने तर आमचं वेळापत्रकच बदललं. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ‘महाभारत’. दोन्ही रविवारी सकाळी. बारा व्होल्टवर चालणारे छोटे ब्लॅक अँड व्हाइट सेट वाड्या-वस्त्यांवर पोचले होते. शनिवारी दुपारपासून सायकलच्या कॅरिअरला, बैलगाडीत, एसटीच्या टपावर बॅटऱ्या यायच्या. अख्ख्या वस्तीत एक टीव्ही, आणि रविवारी सकाळी तो मध्येच बंद पडला तर दोष चार्जिंगवाल्याचा. अण्णा शनिवारी रात्री दुकानातच झोपत. त्या काळात आमच्याकडे जेवढ्या बॅटऱ्या आल्या तेवढ्या नंतर कधीच आल्या नाहीत. वीज वस्त्यांवर पोचत गेली आणि ही गर्दी ओसरली.

धंद्याला खरा धक्का बसला तो मात्र वेगळ्या बाजूने. रबराच्या खोक्याची जागा प्लॅस्टिकने घेतली. वरचं झाकण एकसंध, उष्णतेने कायमचं चिकटवलेलं. आधी एक सेल गेला तर अण्णा डांबर तापवून सेल उघडायचे, प्लेटांचा गट बाहेर काढून नवा बसवायचे, शिशाची पट्टी पुन्हा जोडून द्यायचे. बॅटरी आणखी वर्षभर चालायची. प्लॅस्टिकच्या खोक्यात हे करता येईना. त्याच सुमारास कारखान्यातच चार्ज केलेल्या प्लेटा येऊ लागल्या. ॲसिड भरा, थोडा चार्ज द्या, गाडीला लावा. पुढे तर ॲसिडही कारखान्यातच भरून येऊ लागलं. दोन दिवसांचं काम मोठ्या हॉलमध्ये, शेकडो बॅटऱ्या एकदम लावून, यंत्राच्या देखरेखीखाली व्हायला लागलं. कामाची प्रत सुधारली, हे मान्य केलंच पाहिजे. हायड्रोमीटर धरणाऱ्याचा अंदाज चुकायचा, यंत्र सहसा चुकत नाही. पण प्लेटा बदलणारे कारागीर पाच-सात वर्षांत दिसेनासे झाले. त्यांच्यातले दोघे पुढे टायर पंक्चर काढायला बसले.

सीलबंद बॅटरीची वाट जर्मनीतून निघते. ओटो याखे यांनी १९५७ च्या सुमारास ॲसिडची जेल करून ते सांडणार नाही अशी व्यवस्था केली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काचेच्या तंतूंच्या गादीत ॲसिड शोषून ठेवण्याची पद्धत आली. यूपीएसमधली आजची छोटी बॅटरी बहुतेक या दुसऱ्या जातीची. चार्ज होताना प्लस प्लेटेवर सुटणारा ऑक्सिजन गादीतून मायनस प्लेटेकडे जातो आणि त्याचं पुन्हा पाणी होतं. म्हणून तिच्यात पाणी घालावं लागत नाही. टोप्याच नाहीत, ग्रॅव्हिटी पाहायची सोय नाही. अण्णांनी अशी बॅटरी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि विचारलं, ‘हिची नाडी कुठे बघायची?’ उत्तर होतं, फक्त व्होल्टमीटरवर.

एमकेसीएल, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, २००१ मध्ये स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर-कोर्सचे वर्ग तालुक्यातालुक्यांतून निघाले. सरकारी नोकरीसाठी तो कोर्स लागायला लागला, तेव्हा मीही दुकानाच्या वरच्या मजल्यावर वर्ग सुरू केला. शिक्षक, तलाठी, अंगणवाडीच्या बाया, पन्नाशीतले कारकून माउस धरायला शिकले ते तिथे. मग भारनियमनाची वर्षं आली. २००५ नंतर काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांचा अंधार पाहिला. घरच्या यूपीएसमधली बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासाची बॅटरी कॉम्प्युटरला दहा-पंधरा मिनिटं देते, काम सेव्ह करून व्यवस्थित बंद करण्यापुरती. लोक तिच्यावर अर्धा तास टायपिंग करू पाहायचे. शिवाय यूपीएसमधला चार्जर अगदी लहान. पुरती उतरलेली बॅटरी भरायला तो दिवसाचा मोठा भाग घेतो. दिवसातून दोनदा वीज गेली की बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, सल्फेट साचत राहतो आणि वर्षाच्या आत ती मरते. बॅटरी खराब निघाली म्हणून लोक दुकानदाराशी भांडले. बहुतेक वेळा ती उपाशी मेली होती.

बॅटरी आता कारखान्यातून तयार होऊनच येते, मग रात्रभराचा पहिला चार्ज कशाला? कारण बॅटरी नुसती पडून असली तरी उतरते. २५ अंशांना महिन्याला साधारण ३ टक्के, आणि उन्हाळ्यात याहून बरीच जास्त. कारखान्यातून निघाल्यावर ती डीलरच्या गोदामात, पत्र्याच्या छपराखाली, किती महिने होती हे तुम्हाला ठाऊक नसतं. ज्या बॅटरीला सहा महिन्यांत पुन्हा चार्ज मिळाला नाही तिच्यात सल्फेट धरायला लागतो. ती तशीच कामाला लावली आणि त्याच दिवशी वीज गेली, तर ती पहिल्याच उतरणीत खोल जाते. जी चूक ड्रायव्हर अण्णांकडून करवून घेऊ पाहायचे, तिचं हेच आजचं रूप.

म्हणून घेतानाच खोक्यावरची तारीख बघा. दुकानदाराकडे मल्टिमीटर असतोच, त्याला व्होल्टेज मोजायला सांगा. १२.८ किंवा वर असेल तर बॅटरी ताजी आहे. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. घरी आल्यावर लाल वायर लालला, काळी काळ्याला लावा, यूपीएस भिंतीतल्या प्लगमध्ये लावा आणि कॉम्प्युटर बंद ठेवून रात्रभर सोडा. चोवीस तास दिले तर आणखी चांगलं. नवी बॅटरी ‘एकदा पूर्ण उतरवून मग भरायची’, असं सांगणारे अजून भेटतात. ती रीत निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांची, जुन्या कॉर्डलेस फोनच्या काळातली. तिथे तिला काही अर्थ होता. शिशाच्या बॅटरीला पूर्ण उतरवणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं. यूपीएस पंख्याखाली किंवा निदान भिंतीपासून सुटा ठेवा. तापमान दहा अंशांनी वाढलं की या बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, आणि आपल्या भागातला उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती शिशाची. अण्णांच्या दुकानात प्लेटांची भुकटी जमिनीवर पडायची, आम्ही तीच झाडायचो आणि तिथेच डबा उघडून जेवायचो. कारागीर संध्याकाळी गुळाचा खडा खात, छातीतली धूळ उतरते म्हणून. शिशावर गुळाचा काही उपयोग होत नाही. शिसं रक्तात जातं, हाडांत साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये अहवाल काढला, त्याप्रमाणे जगातल्या प्रत्येक तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे. त्याचं एक मोठं कारण म्हणजे उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्या. वस्तीमागे कुऱ्हाडीने बॅटरी फोडायची, ॲसिड नाल्यात सोडायचं, शिसं कढईत वितळवायचं, असा हा धंदा. आपल्याकडे २००१ पासून जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम आहेत आणि २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे, जास्त कडक नियम आले. पण नियम उपयोगी पडतो तो बॅटरी योग्य हातात गेली तरच.

शिशाची बॅटरी जवळजवळ पूर्ण पुन्हा वापरता येते, तिचं शिसं वितळवून नव्या प्लेटा होतात. यूपीएसची बॅटरी लहान आहे म्हणून तिचा निकाल कसाही लावला तरी चालेल, असं समजू नका. नवी घेताना जुनी दुकानात परत द्या, तिची किंमत बिलात वजा करून घ्या आणि ती पुढे नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जाते ना, हे दुकानदाराला विचारा. भंगारवाल्याच्या गाड्यावर ती कधीही टाकू नका.